भरवशाचं रिव्हॉल्वर

माझा राग घराण्यातून आलेला आहे, मी तो कुठून विकत आणलेला नाही. आमच्याकडे माणसं आधी हात उचलतात आणि मग काय झालं ते विचारतात. आजोबांनी मिठागरावरच्या मुकादमाचा कान चावून तोडला होता, आणि ही गोष्ट आमच्यात आजही हसत हसत सांगतात. मोठ्या काकांनी एका हळदीत बेंजोवाल्याचे दोन दात पाडले, कारण त्यानं गाणं मध्येच थांबवलं. मी स्वतः शाळेत पी.टी.ची शिक्षिका आहे आणि एकदा स्टाफरूमचं कपाट लाथ घालून वाकवलेलं आहे. माझे बाबा तेवढे गरीब निघाले. त्यांनी जन्मात कोणावर हात उगारला नाही, आणि मार मात्र नेमका त्यांनीच खाल्ला.

आमचं गाव कल्याण आणि डोंबिवलीच्या मध्ये. आता त्याला गाव म्हणायचं ते सवयीनं. चारी बाजूंनी टॉवर उठलेत आणि मधे आमची दहा-बारा घरं. पण आजोबांनी खडवलीला नदीच्या अंगाला थोडी भातशेती घेऊन ठेवली होती, ती बाबा आणि मोठे काका या दोघा भावांच्या नावावर होती. काकांना ती विकायची होती. बाबांना नव्हती. एका सकाळी बाबा बांधावर एकटेच असताना मोजणीच्या नावाखाली चार माणसं आली आणि त्यांनी बाबांना लोखंडी सळयांनी मारलं. डोकं फुटलं. उजवं मनगट दोन जागी मोडलं, कारण डोकं वाचवायला त्यांनी तोच हात वर धरला होता.

खबर आली तेव्हा मी ठाण्याला होते, वर्तकनगरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत. मी पोहोचेपर्यंत काकांनी बाबांना शेतातून खांद्यावर टाकून आणलं होतं, गाडीत घातलं होतं, डॉक्टरच्या अंगावर ओरडून टाके घालून घेतले होते. त्यांचा पांढरा शर्ट गळ्यापासून कमरेपर्यंत लाल झाला होता. जमिनीवरून बाबांशी वर्षभर न बोललेला माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून हुंदके देत होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोक काकांना एका वाक्यात निकालात काढतात. मला ते सहन होत नाही.

आमच्या घरात परवान्याचं रिव्हॉल्वर होतं. आजोबांचं, जुनं विलायती. निवडणूक आली की बाबा ते पिशवीत घालून पोलीस स्टेशनला जमा करायचे आणि निकाल लागला की परत आणायचे, बाकी ते कपाटात. बाबांना मारलं त्या दिवशीही ते कपाटातच होतं. प्लास्टर निघाल्यावर बाबा मला म्हणाले, "तुला यातलं कळतं. चांगलं बघून एक घे. भरवशाचं."

मला कळत होतं, यात खोटं काही नाही. मी ठाण्याच्या एका क्लबात दर रविवारी नेमबाजी करायचे, दोन-तीन बक्षिसंही होती. नेम धरायला मात्र मला क्लबानं शिकवलं नाही. ते शिकवलं मोठ्या काकांनी, गलोलीनं, आमच्या मागच्या आंब्याच्या कैऱ्यांवर. "श्वास सोड नि मंग सोड," एवढंच त्यांचं शिक्षण. पुढं क्लबातल्या कोचनी तेच तासभर इंग्रजीत सांगितलं.

परवानगीच्या कागदांसाठी ठाण्याला खेटे घालून झाल्यावर मी आणि बाबा हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, सावकाश बोलणारा. त्यानं काउंटरवर हिरवं कापड अंथरलं आणि दोन रिव्हॉल्वर ठेवली. शेजारी आमचं जुनं, बदलीत द्यायला नेलेलं. मी तिन्हींची अशी परीक्षा घेतली की बाबा कंटाळून बाहेर जाऊन चहा पिऊन आले.

आमचं जुनं मधोमध मोडून उघडायचं, एखाद्या डब्यासारखं. दिसायला देखणं, मूठ हातात अशी बसायची की सोडवत नसे. पण आतली स्प्रिंग म्हातारी झाली होती. मागचा घोडा काडतुसावर पडायचा तो जणू माफी मागत. सहातली एक-दोन तरी गोळी उडायचीच नाही. दुसरं सरकारी कारखान्याचं, कोरं. ते हातोड्यासारखं दणकट होतं, कसंही वापरा, उडणार म्हणजे उडणार. पण नळी आखूड, नेमाचा काटा पक्का बसवलेला, पुढं-मागं करता येत नाही, म्हणजे स्पर्धेच्या उपयोगाचं नाही. आणि चाप एवढा जड की ओढता ओढता नेम ढळायचाच. कुलूप हवं असेल तर वेगळं घ्यायचं, तारेचं, नळीतून ओवायचं.

तिसरं एका जुन्या नेमबाजानं खेळासाठी परदेशातून आणलेलं होतं, आता डोळे गेले म्हणून विकायला ठेवलं होतं. लांब नळी, काटा हवा तसा फिरवता येणारा. गोळ्यांचं चाक बोटानं हलवून पाहिलं तर केसाइतकीही ढिलाई नाही. नळीत पेन्सिल सोडली, नळी छताकडे केली आणि रिकामाच चाप ओढला. पेन्सिल उडून पंख्यापर्यंत गेली, म्हणजे घोड्याचा मार खणखणीत. आणि घोड्याच्या मागं एक बारीकसं भोक होतं. त्यात एवढीशी किल्ली घालून फिरवली की सगळं आतून आवळलं जायचं. मग चाप ओढा, डोकं आपटा, काही होणार नाही. मला तिथंच ते आवडलं.

तरी मी बाबांना आधी सरकारी दिलं, कारण ते निम्म्याहून स्वस्त होतं. त्यांनी चाप ओढायचा प्रयत्न केला. मोडून जुळलेलं मनगट थरथरायला लागलं. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा कुठे अर्धा आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसले. मला त्या क्षणी त्या चार माणसांची तोंडं दगडानं ठेचावीशी वाटली. मग मी तिसरं त्यांच्या हातात दिलं. चाप लोण्यासारखा आला.

"बाबा, हेच घ्या. हे कधी दगा देणार नाही."

दुकानदार कापडाची घडी घालत म्हणाला, "ताई, चाप फार हलका आहे हा. घरात कोणी तापट नाही ना?"

"सगळेच आहेत," मी म्हटलं, "म्हणून तर कुलूप बघितलं."

आम्ही तिघंही हसलो.

क्लबात मी त्यावर हात बसवला. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. तो आवाज छातीत बसायचा, दणका खांद्यापर्यंत यायचा, आणि पंचवीस मीटरवरच्या काळ्या वर्तुळात मी दर वेळी एक चेहरा लावायचे. चार माणसं होती, मी चौघांनाही पुरेपूर मारलं. पोलिसांना ती सापडली नव्हती, मला दर आठवड्याला सापडायची. रविवारी क्लबातून गावच्या घरी गेल्यावर मी इतकी शांत असायचे की आई विचारायची, बरं नाही का?

घरात मी नियमांचा जाच लावला. रिव्हॉल्वर कुलपात. एक किल्ली बाबांच्या खिशात, एक माझ्या गळ्यातल्या शिट्टीच्या दोरीला. गोळ्या वेगळ्या डब्यात. चापावर बोट नको, रिकामं असलं तरी माणसाकडे नळी नको. काका आले की मी त्यांनाही ऐकवायचे. ते बाबांना म्हणायचे, "तुझी पोरगी दरोगा जाली रे."

आणि मग आला दसरा.

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात. कोयता, विळा, मासळी कापायची विळी, आजोबांचं मिठागरावरचं फावडं, आणि रिव्हॉल्वर. त्यात आईचे दोन नियम, तिच्या सासूकडून आलेले. देवापुढं कुलूपबंद काही ठेवायचं नाही. त्या दिवशी घरातल्या तिजोरीचंसुद्धा कुलूप काढून ठेवतात. आणि देवापुढं रिकामं काही ठेवायचं नाही. रिकामं ताट नाही, रिकामा तांब्या नाही, रिकामं हत्यार नाही. आजोबांचं रिव्हॉल्वर सहा गोळ्या भरूनच पाटावर असायचं आणि आम्ही पोरं त्याच्या शेजारी बसून करंज्या खायचो. ते उडेल अशी भीती कोणाला वाटली नाही, कारण उडवलं तरी ते उडेल याची खात्री नव्हती.

पहिल्या दसऱ्याला मी कडाडून भांडले. आई ऐकेना. "वर्षाचा दिवस आहे. देवाला कुलूप दाखवतेस?" शेवटी मी एक तोड काढली आणि तिचा मला फार अभिमान वाटला. कुलूप काढायचं, पण मीच काढायचं. गोळी घालायची, पण एकच. आणि ती एक अशी घालायची की पहिली दोन घरं मोकळी राहतील. पूजेला जमलेल्या सगळ्यांसमोर, काका-काकूंसमोर, मी चाक बाहेर काढून दाखवलं. चाप ओढला की चाक एक घर पुढं सरकतं. म्हणजे चुकून कोणाचा हात लागला, कोणी रागाच्या भरात उचललं, तरी पहिल्यांदा नुसतं खट्ट. दुसऱ्यांदा खट्ट. गोळी तिसऱ्याला. "तेवढ्यात माणूस भानावर येतो," मी म्हणाले. अगदी वर्गात सांगते त्या आवाजात.

काकांनी मान हलवली. "म्हंजे देवपन खूश नि पोरगीपन खूश."

दोन दसरे तसे पार पडले. तिसऱ्यापर्यंत काका खडवलीच्या जमिनीसाठी कोणाला तरी शब्द देऊन बसले होते आणि बाबांची सही अडली होती. दोघा भावांचं बोलणं पुन्हा बंद झालं होतं. पण दसऱ्याला सोनं द्यायला कोणी कोणाच्या घरी जायचं थांबत नाही, निदान आमच्यात तरी नाही. दुपारी काका आले. एका हातात रुमालात बांधलेली आपट्याची पानं, काखेत प्लास्टिकची फाइल. फाइल बघून माझं डोकं सणकलं.

बाबा पाटाशेजारी बसले होते. काकांनी उभ्यानंच फाइल पुढं केली.

"आज नको, दादा," बाबा म्हणाले. "सणाचा दिवस आहे."

"तुझा रोजच सण. कोनासाठी ठेवतंस जमीन? पोरगा हाय तुला? पोरगी लग्न नाय करत, काय नाय, बंदुका उडवतं. तिला देशील?"

"तिला देईन."

काकांनी बाबांच्या थोबाडीत मारली. मोठा भाऊ धाकट्याला मारतो तशी, पंजा उघडून, सगळ्या ताकदीनं. बाबांचा चष्मा गेला. त्यांनी हात वर धरला, तोच हात, मनगटाशी वाकडा झालेला, आणि काकांनी त्या हातावरूनच दुसरी ठेवून दिली. बाबा पूजेवर कोसळले. समई आडवी झाली, तेल फरशीवर पसरलं, कोयता खणकन् वाजला.

मी प्रसादाची वाटी घेऊन दारात उभी होते. वाटी कधी टाकली ते आठवत नाही. पुढचं सगळं आठवतं. रिव्हॉल्वरवर झेंडूचं फूल होतं ते पडलं. मूठ हळदीनं निसरडी होती, म्हणून मी ती नीट धरली, दोन्ही हातांनी, क्लबात धरते तशी. काका सात-आठ फुटांवर होते. मी छातीवर नेम धरला. पायावर नाही, भिंतीवर नाही. श्वास सोडला आणि चाप ओढला.

खट्ट.

काका वळले. माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले नाहीत की पळाले नाहीत. मी पुन्हा ओढला.

खट्ट.

काकांचा उजवा हात माझ्याकडे आला, सावकाश, पंजा उघडा. त्याच पंज्यानं त्यांनी आत्ता बाबांना मारलं होतं. मला वाटलं, आता माझ्यावर हात टाकणार. मी तिसऱ्यांदा ओढला आणि त्या भरवशाच्या रिव्हॉल्वरनं दगा दिला नाही.

बंद खोलीतला आवाज वेगळा असतो. क्लबात कानांवर संरक्षण असतं, इथं कान गेलेच. आई तोंड उघडून किंचाळत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. बंदुकीच्या दारूचा जळका वास आणि तेलाचा वास. काकांच्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर नव्हतं, तिथं नुसता चिखल होता. गोळी बोटांतून वाकडी होऊन चौकटीत घुसली होती. रुमाल सुटून आपट्याची पानं रक्तात पडली होती. काका हळूच खाली बसले आणि त्यांच्या ओठांवरून मला कळलं, ते पाणी मागत होते.

गाडी मीच चालवली. बाबा मागं काकांचा हात टॉवेलात आवळून बसले होते, आणि दोघं भाऊ रडत होते. पोलीस आले तेव्हा काका भुलीतून नुकते बाहेर येत होते. त्यांनी सांगितलं, "पूजेचा हत्यार उचलून कपालाला लावायला गेलो, माझ्याच हातून सुटला." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातावरच्या हळदीकडे पाहिलं, आणि पुन्हा काकांना विचारलं. काकांनी तेच सांगितलं. तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच. मी भिंतीला टेकून उभी होते आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

परवाना गेला, रिव्हॉल्वर जप्त झालं. महिनाभरात बाबांनी आपण होऊन सही केली, आता खडवलीच्या त्या तुकड्यावर कोणाचं तरी फार्महाऊस आहे. मी क्लब सोडला. घरात या गोष्टीचं एक रूप ठरून गेलं: पोरीला राग आला, हत्यार हातात घेतलं, सुटलं. आईनं आधीच्या दोन खट्टांबद्दल एक अक्षर काढलं नाही, बाबांनी ते आवाज ऐकलेच नाहीत म्हणे.

मी मात्र कित्येक रात्री दुकानातलं ते हिरवं कापड डोळ्यांपुढं पसरून बसायचे. आजोबांचं असतं तर कदाचित उडालं नसतं. सरकारी असतं तर त्या जड चापानं नेम हलवला असता. मीच सगळ्यांत चांगलं निवडलं, मीच कुलूप काढलं. असं स्वतःला कोसण्यात एक सोय असते. त्यात दोष चापाचा, स्प्रिंगचा, देवाच्या नियमाचा होतो. पण हत्यारानं मला दोनदा थांबवलं होतं. गोळी कितव्या घरात आहे हे त्या खोलीत मला सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं.

गेल्या दसऱ्याला पाटावर कोयता, विळी आणि माझी शाळेची शिट्टी एवढंच होतं. काका आले. आता काठी घेतात. त्यांनी उरलेल्या दोन बोटांच्या आणि अंगठ्याच्या चिमटीत पान धरून माझ्या हातावर ठेवलं, दर वर्षी ठेवतात तसं. आई-बाबा आत होते. ओटीवर आम्ही दोघंच. मी पहिल्यांदाच विचारलं.

"काका, तुम्ही हललात का नाही? पहिली रिकामी गेली तेव्हाच बाजूला व्हायचं ना."

ते जरा हसले. "तूच बोललेलीस ना सगल्यांसमोर? दोन घरं मोकली. तेवढ्यात मानूस भानावर येतो." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "एक वाजली. दुसरी वाजली. मना वाटला, जाला, आता पोरगी देल. म्हणून हात पुढं केला, घ्यायला."

मग त्यांनी चहा मागितला, बिनसाखरेचा, आणि मी आणून दिला तेव्हा कप डाव्या हातात धरला.